सहा टक्के

डुलूथमध्ये नोव्हेंबर लागला
की तळ्यावरचा वारा चढ चढून येतो
आणि आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला
बोट लावून बघतो, आत कोण आहे.
आत मी असते. टेबलावर
तळहाताएवढा हिरवा बोर्ड,
सिग्नलच्या दिव्याला जेवू घालणारा.

एलईडीचं एक बरं असतं,
तिला मोजून वाढायचं.
तीनशे पन्नास मिलीअँपिअर, वर थेंब नाही.
जास्त दिलं तर जळून जाईल,
कमी दिलं तर रुसणार नाही, नुसती फिकी होईल.
भिंतीतली वीज मात्र उनाड,
एकशे वीस व्होल्टची,
आणि सेकंदाला तेवढ्याच वेळा तोंड फिरवणारी.
तिला आधी एका दिशेनं चालायला शिकवायचं,
मग मॉसफेटनं तोडायचं, सेकंदाला लाख वेळा,
कॉइलमध्ये क्षणभर उसनं ठेवायचं,
डायोडच्या दारानं परत मागून घ्यायचं.
सगळा उसनवारीचा धंदा.

या हातातून त्या हातात जाताना
थोडं सांडतंच.
मी सांडलेलं मोजत होते.
सत्त्याऐंशी टक्के.
डायोड बदलला, एकोणनव्वद.
कॉइलची तार जाड केली, एक्क्याण्णव.
कॉस्केला पूर्वी खनिजाच्या धक्क्यावर क्रेन चालवायचा,
आता माझं सोल्डरिंग सांभाळतो.
उलटा हात बोर्डावर ठेवायचा,
लेकराचा ताप बघावा तसा,
म्हणायचा, "अजून कणकण आहे."
ऑगस्टातल्या एका संध्याकाळी म्हणाला, "उतरला."
चौऱ्याण्णव.

मी बार्शीला फोन लावला.
अण्णांची उभी हयात मीटरचे आकडे टिपण्यात गेली,
दारोदार, कुत्री चुकवत.
"चौऱ्याण्णव," मी म्हटलं.
"आणि उरलेले सहा? कुठे जातात?"
"उष्णतेत."
"म्हणजे वाया."
"वाया," मी म्हटलं,
पेपरात सहा मार्क गेलेल्या पोरीच्या आवाजात.

जानेवारीच्या अकराव्या रात्री
बर्फ आडवा पडला.
पहाटे रस्ते खात्यातून मार्जोरी ट्वीटनचा फोन,
"तुमचे दिवे चालू आहेत हो.
दिसत मात्र एकही नाही."

लेक ॲव्हेन्यूच्या चौकात जाऊन उभी राहिले.
तिन्ही डोळ्यांवर पांढरी झापड.
आत लाल आहे की हिरवा, ज्याचा त्यानं ताडायचा.
शाळेची एक बस अर्ध्या चौकापर्यंत येऊन
तशीच थबकलेली, वायपर हलवत.
माझा बोर्ड काचेमागे चोख काम करत होता.
बारा वॅट. पुढची काच थंडगार.

जुना बल्ब एकशे पस्तीस खायचा,
बहुतेक सगळे नुसते तापण्यात घालवायचा.
आम्ही त्याला उधळ्या म्हणायचो.
आणि तो कित्येक हिवाळे
कुणाला न सांगता
आपल्या काचेवरचं बर्फ वितळवत होता.
माझ्या तक्त्यात
त्यासाठी रकानाच नव्हता.

कॉस्केला लांब काठीला झाडू बांधून आला.
काही बोलला नाही.
आधी हिरव्याचं तोंड पुसलं, मग पिवळ्याचं.
लालपर्यंत हात पुरेना,
मी काठीला काठी जोडून धरली.
बर्फ माझ्याच कॉलरमध्ये पडलं.

आता नव्या बोर्डाला
काचेलगतची एक बारीक तार जोडली आहे.
पारा शून्याखाली गेला की ती तापते,
जाणूनबुजून.
दिवा बारा खातो, तार तेरा.
हिवाळाभर माझी कार्यक्षमता
पन्नाशीच्या आत येते.
आलेखावर तो खड्डा स्पष्ट दिसतो,
प्रत्येक बैठकीत कुणीतरी त्यावर बोट ठेवतं.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही.
ते विचारतील, मुद्दाम?

झाडू लॅबच्या कोपऱ्यात उभा आहे.
या वर्षी एकदाही लागला नाही.
मी टाकायला काढला
तर कॉस्केलानं हातातून घेतला,
पुन्हा भिंतीला टेकवला.
"तारही तुटते कधी," म्हणाला,
आणि उलटा हात
नव्या बोर्डावर ठेवून
बराच वेळ तसाच राहिला.